तिसऱ्या मजल्यावरची ड्युटी

रविवार

इजिप्तच्या या इस्कंदरिया शहरातल्या समस्त चहावाल्यांविरुद्ध माझी ही विधिवत तक्रार: वीस वर्षं मी ‘साखर कमी’ म्हणतो आहे आणि ग्लासातला शर्करातिरेक तसूभर हटत नाही. बाकी नवी नोकरी झकास. समुद्राकाठचं खासगी इस्पितळ. संचालक डॉक्टर हिश्मत यांना ‘सर्वांना सामावून घेणारं, चिवट इस्पितळ’ अशी पुस्तिका हवी आहे. बातमीदारीला विटलेला मी ती लिहिणार. खोली तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या आतच. पूर्वी इथे नर्सा पाठ टेकायच्या म्हणे. वारा छान येतो.

सोमवार

ड्युटी बदलताना इथली एक रीत आहे. जाणारी नर्स दारात उभी राहून एकेका खाटेवरच्या रुग्णाचं मोठ्यांदा सांगते. येणारी म्हणते, घेतलं. तो शब्द ऐकल्याशिवाय जाणारी उंबरठा ओलांडत नाही. आज दुपारी सगळ्यांचं आटोपलं, तरी एका बाईचा आवाज खाटा सांगतच राहिला. दारात कुणी नव्हतं. मुख्य नर्स मिस इन्शिराह पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ऐकायचं उस्ताद, ओ द्यायची नाही, नाहीतर खाटा तुमच्या. ती सित्तना, इथलीच नर्स, सुदानची. साथीच्या दिवसांत तिची ड्युटी घ्यायला कुणी आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, इथल्या मुलींना घरंदारं आहेत, तू राहा, तू चिवट आहेस. ड्युटीवर ड्युटी करत ती त्याच दारात कोसळली आणि गेली.

मंगळवार

मुखपृष्ठावर सित्तनाचा फोटो टाका, असं डॉक्टरांनी सुचवलं. मी आवाजाचं सांगितलं. ते हसले. दुपारी स्वतः दारात आले आणि खाटा सांगून होताच मस्करीत ओरडले की घेतलं बाई, घेतलं, जा आता घरी! आवाज थांबला. कुणीतरी लांब श्वास सोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर जायला निघाले. उंबरठ्याशी त्यांचे पाय आपोआप मागे वळले. खाटांकडे.

गुरुवार

डॉक्टर अजून इथेच. रुग्णांची शौचाची भांडी उचलतात, चादरी बदलतात. लाजेखातर सांगतात की मी स्वेच्छेने राहिलोय. रुग्णांचे नातेवाईक धन्य झाले आहेत. यालाच मी पुस्तिकेत ‘समावेशक नेतृत्व’ म्हटलं होतं. त्यांची बायको न्यायला आली, एकटीच परतली. इन्शिराह चहा ढवळत डॉक्टरांना म्हणाली, बसा की बाशासाहेब घटकाभर. अगंबाई, आमची बसायची खोली तर तुम्हीच काढून घेतलीत, या उस्तादांसाठी! नर्सा पोट धरून हसल्या. मीही हसलो.

शनिवार

झोप नाही त्यांना. पाय सुजलेत. दर ड्युटीला दारात उभे राहून खाटा सांगतात. कुणी ओ देत नाही. पुरे नाही का झालं, असं इन्शिराहला विचारलं. ती म्हणाली, मग घ्या तुम्ही.

रविवार

सित्तना घरी गेलेलीच नाही. जिन्यावरच्या बाकावर बसलीय, पाय पसरून. बघतेय. इन्शिराह तिला चहा नेऊन देते —

सोमवार

डॉक्टर आता वॉर्डाकडे वळत नाहीत. माझ्या दारात उभे. खाटा सांगतायत, रडतायत — बाहेर जायचं तर त्यांच्या अंगावरूनच — सित्तनाची भीती नाही मला. तिचं बरोबरच आहे. खरी भीती माझ्या तोंडाची. जन्मभर हाक आली की ओ दिलीय, आणि हा माणूस आता माझं नाव घेऊन —