आई शेळीची चाल

मुंबई, ता. ६ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. रंभावहिनींस,
वाल्मीकचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, आमचं पिक्चर झालं एकदाचं. त्यात माणसं नाहीत, सगळं हातानं काढलेलं. एक शेळी, तिचा बोकड, दोन करडं आणि त्यांची खोप. तुम्ही म्हणाल, चित्रं चालतात कशी. एका चित्रात पाय जमिनीवर, पुढच्यात जरासा उचललेला, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा. पारदर्शक सेल्युलॉईडवर अशी हजारो काढायची, रंगवायची, एकेकाचा फोटो घ्यायचा आणि भराभर दाखवायचे. मग करडू उडी मारतं आणि आपल्याला खरंच वाटतं. माझ्या बोटांचा रंग आता अंघोळीनंही जात नाही.

आई शेळीचं चालणं माझ्याकडे होतं. ते बघून आमचे डायरेक्टर इतके हसले की बशीतला चहा सांडला. ही शेळी जिवंत आहे, कुठून आणलीस, म्हणाले. मी सांगितलं नाही.

सरकारी प्रचारगाडी हे पिक्चर घेऊन गावोगाव निघालीय, पिरंगुटलाही येईल. हैबतदादाला घेऊन अगदी पुढे बसा. तुमच्यासाठी त्यात एक गंमत आहे. होळीला येतोय, पोळी राखून ठेवा.

लोभ आहेच, तो या पोरावर असाच सांडत राहू दे.
तुमचा,
वाल्मीक


पिरंगुट, ता. २० फेब्रुवारी

वाल्मीकराव भावजींस,
अनेक आशीर्वाद. हितं समदी खुशाल हायेत.

गाडी आली. साळंच्या पटांगणात पडदा बांधला, समदी वाडी गोळा झाली. पिक्चर लई ग्वाड हाय, खोटं कशाला बोलू. करडू पान्यात सवताला बघून शिंगं उगारतंय, तवा म्हातारी मानसं बी पोरांवानी हसली. मी बी हसले. मग आई शेळी खोपीतनं भाईर आली. डावा पाय टेकवायचा, कंबर खाली जायाची, मग मानंला झटका देऊन म्होरं. दोन पावलं चालली न् मागनं कुनीतरी वरडलं, की ही तर हैबतरावाची रंभा. झालं. शेळी उभी ऱ्हायली तरी मानसं हसायची थांबंनात. तुमचे दादा बी हसले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं न् मान खाली घातली, ती घरी येस्तवर वर केली न्हाई.

आता पोरं माझ्या मागनं तशी चालत्यात. समद्या बाया येऊन गेल्या की मग मी पान्याला जाते.

मी लंगडी हाय हे गावाला ठावं हाय, मला बी. पन माझं लगीन ठरताना मामंजी बघायला आलं, तवा पाव्हन्यांतलं कुनी म्हनलं, पोरीला जरा चालून दाखवू द्या. मामंजी म्हनलं, बसू द्या तिला, पसंत हाय. त्यांनी वळखलं हुतं. त्या दिशी त्यांनी मला चालाया लावलं न्हाई. तुमी त्यांचंच ल्येक, तुमी साऱ्या मुलखाम्होरं लावलंत. इंग्रजी साळंत घातलं ते ह्येच्यासाठी व्हय.

होळीला या, नायतर नका येऊ. पोळ्या तर हुतीलच.
आशीर्वाद हायेत. ते काय परत घेता येत न्हाईत.
रंभाबाई


मुंबई, ता. २५ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि. लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

सहा वर्षांचा होतो, आई गेली, तेव्हापासून तुमच्या तोंडी मी वाल्याच. पत्रावर वाल्मीकराव भावजी वाचलं आणि पोस्टमन चुकला असं वाटलं. पुढचं वाचून कळलं कोण चुकलं ते.

दिवाळीत मी ओट्यावर कागद घेऊन बसायचो. काय काढतोस, असं तुम्ही विचारलंत, मी म्हणालो झाडं. झाडं नव्हती. तुम्ही गोठ्याकडे जात होता, ते काढत होतो. मला ती चाल आवडते, वहिनी. लहानपणी तापात डोळे मिटून पडलेलो असलो तरी पावलांवरून कळायचं की तुम्ही आलात, आणि बरं वाटायचं. शेळीला आई करायचं ठरलं तेव्हा दुसरी चाल मला सुचलीच नाही. हे खरं आहे. पण स्टुडिओत सगळे हसले तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मी खूश झालो. हेही तितकंच खरं.

डायरेक्टरसाहेबांकडे गेलो. पाय नव्यानं काढतो, बिनपगारी काढतो, म्हणालो. कॉप्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्यात, आता काय रबरानं खोडणार का, असं म्हणाले. वर त्याच शेळीचं दुसरं पिक्चर पूर्ण माझ्याकडे देतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर शेळी इथंच संपली. होळीला येत नाही. दादासमोर कुठल्या तोंडानं बसू.

आशीर्वाद परत घेत नाही म्हणालात, त्या एका ओळीवर दिवस काढतोय.
तुमचाच,
वाल्मीक


पिरंगुट, ता. ७ मार्च

चि. वाल्यास,
आशीर्वाद. होळी झाली. तुझ्या दादांनी तुझ्या वाटनीची पोळी रागानं बैलाला घातली, न् मग सवता बी धड जेवले न्हाईत. हसले म्हनून माझ्या नजरंला नजर देत न्हाईत. तू तिकडं तोंड लपवून बसलायस. मी पान्याला चोरावानी जाते. एका शेळीपायी आपन तिघं लपून बसलोय, न् ती शेळी तेवढी गावोगाव उजळ माथ्यानं फिरतीया.

झाडं काढतोय म्हनलास, त्येचा मला राग हाय, न् तो लवकर जायाचा न्हाई. इचारलं असतंस तर मी नगं म्हनले असते. म्हनूनच इचारलं न्हाईस, हे तुला बी ठावं हाय.

आता इचारतोयस, तर दुसऱ्या पिक्चरचं मी हितनं व्हय-न्हाई सांगत न्हाई. पाडव्याला ये. बाजाराच्या दिशी घरापासनं मोठ्या रस्त्यापतुर, समद्या गावातनं माझ्यासंगं चल. तू न्हेमी पळत म्होरं जातोस, न् फाट्यावरनं वळून माझ्याकडं बघत उभा ऱ्हातोस. ह्या खेपंला तसं न्हाई. माझ्या शेजारनं चालायचं, माझ्याच बेतानं. पोरं हसली तर हसू देत. शेजारनं चाललास म्हंजी तुला माझी चाल दिसायची न्हाई. तेवढं चालून झालं, की शेळीचं काय ते सांगीन.

माया हाय, पन लई वाट बघाया लावू नगंस.
तुझी वहिनी,
रंभा