फिल्टर काढल्यावर

६ ऑगस्ट
‘येते’ म्हणून लिहून बसले! बर्डीच्या बाजारात कपड्यांचं नवीन दुकान उघडतंय, त्यांना उद्घाटनाला इन्स्टावाली कामिनी, म्हणजे मी, हवी आहे. उत्तर पाठवताना काय भारी वाटलं. मग आठवलं.
त्यांनी पाहिलेली कामिनी गोरी आहे. तिचं नाक सरळ, गालावर एक डाग नाही. ते सगळं फिल्टर करतं. मी नाही.

७ ऑगस्ट
रूममेट मिनलला सांगितलं. ती म्हणाली, सगळेच लावतात, तू काहून एवढी भिऊन राहिली? तिला कसं सांगू—फिल्टरशिवाय कॅमेरा उघडून कितीतरी महिने झाले. कॉलेजातही तोंडाला स्कार्फ बांधूनच बसते. धुळीची ॲलर्जी आहे म्हणते.

९ ऑगस्ट
उद्घाटन उद्या.

१० ऑगस्ट
गेले. तोंडावर मेकअपचे थर. दुकानाबाहेर माझाच भला मोठा फोटो, भोवती फुगे. मी बरोबर त्याच्या खाली उभी—आणि कोणी वळूनसुद्धा बघेना.
मालक मधुसूदनभाऊ घामाघूम होऊन बाहेर आले. मला म्हणाले, “ताई, जराशा बाजूला व्हा नं. मॅडम येऊन राहिल्या.”
मी बाजूला झाले.
‘मीच ती’, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी फोन लावला, तो माझ्या पर्समध्ये थरथरला. तशीच चालत सुटले. ऑटोत बसून फोन बंद केला.

११ ऑगस्ट
मिनलनं तिच्या फोनवर दाखवलं—मॅडमला भाव चढला, असं लोक लिहितायत. लिहू देत. भीती त्याची नाही.
काल मालक रस्त्याकडे बघत होते, तेव्हा मीही बघायला लागले होते. मलाही खरंच वाटलं, मॅडम अजून कशा आल्या नाहीत? हे मिनललाही सांगितलं नाही.

१३ ऑगस्ट
माझा फोन अजून बंदच. मिनल म्हणाली, घरी तरी बोल. तिच्या फोनवरून मौद्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. मिनलच्या फोनवर फिल्टर नाही—माझ्या ध्यानातच आलं नाही.
आई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “काय झालं वं तुले? तोंड असं काहून दिसते? बिमार आहे का?”
दिवाळीनंतर मी घरी गेले नाही. तेव्हापासून तिलाही मी तेच फिल्टरचं तोंड दाखवत आले. ती रडायला लागली, तसा मी फोन ठेवला.

१४ ऑगस्ट
बाबा पहिल्या बसनं आले. धंतोलीत ओळखीच्या डॉक्टरकडे नंबर लावला म्हणाले. मग मला नीट बघितलं आणि गोंधळलेच. “तू तं चांगली दिसून राहिली, बेटा. मंग माय काहून रडली?”
सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं, माहीत नाही. म्हटलं, बाबा, दवाखान्यात जाऊच—पण दुसऱ्या डॉक्टरकडे. मनाच्या.
ते म्हणाले, “चाल.”