तीनशे जीबींचा थांगपत्ता

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार (कंबरेच्या दुखण्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, तरी पूर्ण धरावा).

इकडे सर्व क्षेम. आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, आणि ताईचा रक्तदाब तिच्या आवाजापेक्षा खाली आला की नाही, हे सविस्तर कळवावे. हे सारे फोनवर विचारता आले असते. पत्रच का लिहितो आहे, ते ओघाने स्पष्ट होईल. (छत्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे निष्कर्ष आधी सांगणे मला जमत नाही.)

आमच्या इंटरनेटला महिन्याला तीनशे जीबींची मर्यादा आहे. ती संपली की कंपनी जोडणी तोडत नाही. वेग मात्र इतका उतरवते की पान उघडेपर्यंत ते कशासाठी उघडले याचा विसर पडावा. एरवी आम्ही ऐंशीच्या पुढे जात नसू. या महिन्यात बाराव्या दिवशीच तीनशेचा फडशा पडला! एरवी मी हसून सोडून दिले असते. परंतु पुढील महिन्याच्या सोळा तारखेस आपल्या भाचीच्या, म्हणजे आमच्या कन्येच्या, प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे, आणि ती घरूनच, पाच परीक्षकांसमोर, याच इंटरनेटवरून द्यायची आहे. सहा वर्षांचे काम. परवा रंगीत तालीम घेतली, तर तिच्या मार्गदर्शक बाई ‘परंतु’ एवढे उच्चारून ज्या थिजल्या, त्या वीस मिनिटे तशाच. कन्या रडली नाही. वह्या आवरू लागली, आणि मला तेच अधिक लागले.

तेव्हा कंपनी बदलण्याचे मनात घेतले. दुसऱ्या कंपनीचा विक्रेता घरी आला. “सर, आमचं अनलिमिटेड आहे. वापरा हो बिनधास्त!” अनंत ही संकल्पना मी नववीला फार आवडीने शिकवत असे, म्हणून भिंग घेऊन त्याचे पत्रक वाचले. तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिले होते की अनंत हे पाचशे जीबींना संपते. “ते कुणी वाचत नाही, सर,” तो दुखावल्या स्वरात म्हणाला. तरीही मी वर्षभराच्या करारावर सही करणारच होतो; पण निदान न करता वैद्य बदलणे मनाला पटेना. म्हणून जुन्याच कंपनीच्या वायरमनला बोलावले.

त्याने भिंतीतली तार सोलून दाखवली, आणि दाजी, मी खरोखर खाली बसलो. काच! केसाएवढी काच, आणि तिच्यातून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश. याच धाग्यातून बाईंचा ‘परंतु’ आला होता! आयुष्यभर प्रकाशाचे परावर्तन फळ्यावर काढले, आणि तो माझ्याच चपलांच्या कपाटामागून जातो हे मला ठाऊक नव्हते. वायरमन मात्र त्याच्या यंत्राकडे पाहत होता. “काका, घरात चोवीस तास व्हिडिओ कोण बघतं?” “कोणीही नाही,” मी म्हणालो. “आम्ही बातम्यासुद्धा कागदावर वाचतो.” “मग हा टॅब काय करतोय?”

धूळ बसू नये म्हणून सौभाग्यवतींनी विणलेले आच्छादन टॅबवर होते. ते उचलले. आत एक पांढरे छत होते, त्यावर पंखा फिरत होता, आणि दूर कुठेतरी कोणी खोकले. (इतके दिवस तो वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा खोकला समजून आम्ही त्यांना मध पाठवत होतो.)

दाजी, ते छत आपले होते.

आपणास स्मरत असेल, गेल्या महिन्याच्या तीस तारखेस आपल्या वाढदिवसानिमित्त या टॅबवरून व्हिडिओवर बोलणे झाले. शेवटी मी म्हणालो, “ठेवावे आपण.” आपण म्हणालात, “छे, आधी तुम्ही.” असे अकरा वेळा झाले. घरच्या जावयाचा फोन आम्ही आधी तोडू नये, ही आमच्या वडिलांची शिकवण. आपणही विनयात कुणाला हार जाणारे नव्हेत. आपण ठेवला असेल असे समजून मी टॅब चार्जरला लावून त्यावर आच्छादन घातले, आणि मी ठेवला असेल असे समजून आपण फोन कपाटावर उताणा ठेवून चार्जरला लावला असावा. (आपलेही इंटरनेट मंदावले असल्यास कारण हेच.) विचार करावा: सोळा दिवस, रात्रंदिवस, पंख्याचा एकेक फेरा त्या काचेच्या केसातून आमच्याकडे येतो आहे! मी तासभर पाहत राहिलो. आता वेग उतरल्यामुळे पंखा चौकोनी दिसतो, पण थांबलेला नाही.

कन्येने लाल बटणाकडे बोट नेले; मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “बाबा, आता तुम्हीच ठरवा. आतोबांचा मान, की माझी पदवी?” वायरमन म्हणाला, “मी दाबू?” त्यालाही थोपवले. परका माणूस, शोभले नसते.

आपला कृपाभिलाषी,
मेहुणा

ता. क. : एक तारखेस नवे तीनशे जीबी सुरू होतात; त्यापूर्वी आपणच बटण दाबावे, ही विनंती. तोंडी ‘ठेवावे’ म्हटले तर आपण बाराव्यांदा ‘आधी तुम्ही’ म्हणाल, म्हणून पत्र.

ता. क. २ : आपणासही संकोच वाटणार, हे मी जाणून आहे. तसे असल्यास पत्र ताईच्या हाती द्यावे. ताई, माझे वाक्य अर्धवट तोडून फोन आपटण्याचा तुला चाळीस वर्षांचा सराव आहे. पोरीसाठी एकदा आणखी आपट. पण त्याआधी क्षणभर फोनवर वाक. सोळा दिवस तुझ्या घरात आहे आणि तू एकदाही दिसली नाहीस.