तिवईचा तिसरा पाय

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, काळजी नसावी).

हे पत्र ज्या टेबलावर ठेवून लिहितोय ते मी माझ्या हातांनी केलं आहे. ज्या खुर्चीवर बसलोय तीही. समोरची खिडकी, तिच्या झडपा, झडपांचे आकडे, पुस्तकांचं कपाट (पाच खण, एकही खिळा नाही, सगळं खाचेत खाच), स्वयंपाकघरातली मांडणी, लेकीचा पाळणा (त्यात आता रद्दी असते) आणि फाटकावरची पत्रपेटी, जिच्यात चार वर्षांत तुझं एकही पत्र पडलेलं नाही. पेटीत दोष नाही. फट साडेतेवीस सेंटिमीटर आहे, कुठलंही पाकीट आरामात जातं. मी वेगवेगळी पाकिटं टाकून पाहिली आहेत. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तरी सांगतोच, कारण सांगायची सवय आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? मोतीबिंदूचं काय ठरलं? आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे, आपण दर महिन्याला फोनवर ‘बरा आहेस? बरी आहे, ठेवते’ म्हणतो, तितपत.

पत्रास कारण की, दोन रविवारांपूर्वी आम्ही सहकुटुंब एक दिवसाच्या सहलीला गेलो होतो. कल्पना लेकीची. तिच्या मते घरापासून बसने दोन तासांवर (खरं म्हणजे एक तास सत्तेचाळीस मिनिटं) कलाकारांचं एक छोटं गाव आहे, आणि ते न पाहता माणूस मेला तर त्याचं जगणं फुकट. निघताना तिने बजावलं, “बाबा, आजचा एक दिवस काहीही मोजायचं नाही.” मी कबूल केलं. मोजपट्टी तिच्यासमोर खणात ठेवली. (सपाटी तपासायची पाणसळ खिशात होती. पाणसळीबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.) आमच्या सौ.ला दहा मिनिटांवर उभं राहवत नाही आणि बाहेरच्या खुर्च्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून बरोबर घरची तिवई घेतली. तीच, तुला माहीत असलेली. आईची.

तीन पायांची वस्तू डगमगत नाही ताई, हे तिचं मोठेपण. एक पाय तोकडा असला तरी ती हलत नाही, नुसती कलते. आपली तिवई डावीकडे कलते, त्यामुळे बसणारा आपोआप शेजारच्याच्या खांद्याकडे झुकतो. आई जन्मभर त्या तिवईवर बसून भाजी निवडायची, आणि तिच्या डावीकडे तू बसायचीस. आता तिवईवर सौ. बसते. डावीकडे भिंत आहे. भिंतीवर तिच्या खांद्याचा डाग पडलाय, तो मी दोनदा रंगवला.

तर गाव. गावात सरळ असं काही नाही. विजेच्या खांबांना लोकरीचे स्वेटर घातलेले (थंडी अजिबात नव्हती). एक बाक, त्याला मधोमध भोक, आणि वर पाटी, ‘हे शिल्प आहे, बसू नये.’ शेजारच्या शिल्पावर मात्र लोक बसून कॉफी पीत होते, ते बाक निघालं. एका कुंभारणीच्या दुकानात सगळे कप एका बाजूला झुकलेले. मी आयुष्यभर सरकारी नोकरीत दुकानदारांचे वजनकाटे तपासले आहेत, माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, “बाई, हा कप कलंडतोय.” ती म्हणाली, “नाही काका, तो ऐकतोय.” लेक मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. सौ.ने मागे राहून तसले दोन कप घेतले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी करून दिलेल्या कुठल्याही वस्तूकडे तिने असं बघितलेलं मला आठवत नाही. माझी मांडणी तिला आवडते, पण आवडते म्हणजे वापरते.

मग एका जुन्या गोदामात चित्रांचं प्रदर्शन. आत शांतता, थंडावा, आणि भिंतीवर ओळीने अकरा चित्रं, अकराच्या अकरा वाकडी. सौ. तिवई टेकून एका कोपऱ्यात बसली, लेक पुढच्या खोलीत गेली, आणि मी इकडेतिकडे पाहून खिशातून पाणसळ काढली. कुणी सांगायला हवं होतं का? रस्त्यात पडलेलं मूल माणूस उचलतो, तसंच हे. सातवं चित्र सरळ होतंय तोवर मागून आवाज आला, “काय चाललंय?” प्रदर्शनाच्या बाई होत्या. पांढरे केस, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती चित्रं तशी लावायला म्हणे चित्रकाराला तीन दिवस लागले होते. मी म्हटलं, “एवढा वेळ लागणारच, पाणसळ नसली की.” लेक धावत आली, तिने कपाळाला हात लावला. सौ. बसल्या जागेवरूनच म्हणाली, “माफ करा हो, हे वजनकाटे तपासतात.” हे कारण तिने असं सांगितलं, जसं काही मला एखादा आजार आहे.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिवईकडे. मग आमचं भांडण विसरूनच गेल्या आणि जमिनीवर उकिडव्या बसून त्या तोकड्या पायावरून हात फिरवू लागल्या, एखादं मांजर कुरवाळावं तसा. “ही कुणी केली?”

“बाबांनी!” लेक. “ह्यांनीच,” सौ. “नवव्या वर्षी, एकट्याने,” पुन्हा लेक, अगदी माझ्याच सुरात.

आणि ताई, पावशेराच्या मापात दोन ग्रॅम कमी निघाले तरी दुकानदाराला उभा जाळणारा मी, मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. नुसती मान हलवली. चार वर्षांपूर्वी आमच्या दिवाणखान्यात, आठ पाहुण्यांसमोर, ‘हा पाय मी मुद्दामच तोकडा ठेवलाय, ही रचना आहे’ असं सांगताना हलवली होती, तशीच. तेव्हा तू खिडकीपाशी चहा घेत होतीस. माझ्याकडे एकदाच पाहिलंस, चहा संपवलास, कप विसळून पालथा ठेवलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. काम आठवलं म्हणालीस. मी बस सुटेपर्यंत थांबलो होतो. तू खिडकीतून हातही केलास. त्याच्यामुळेच जास्त लागलं.

बाईंनी तिवई मागितली. त्यांनी काय देऊ केलं ते शेवटी लिहितो. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग अशीच एक करून द्या.” मी म्हटलं, आठ दिवसांत. परतीच्या बसमध्ये मायलेकी खूश, लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मी मात्र तिवई मांडीवर घेऊन तिचा तोकडा पाय मुठीत धरून बसलो.

आठ दिवसांत चार तिवया केल्या. पहिली सरळ आली. दुसरी सरळ आली. हाताला वाकडं येतच नाही, काय करू? तिसरीचा पाय मोजून तोकडा केला, जुन्या पायाइतकाच, केसाचाही फरक नाही. लेकीने दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाली, “बाबा, ही लंगडतेय. आईआजीची तशी नाही, ती जवळ येतेय.” चौथी मी पेटवली.

असो. पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार. पथ्य सांभाळ.

तुझा,
मिस्त्री
(हे नाव तूच ठेवलंस. आता कुणी हाक मारत नाही.)

ता. क. : काल जेवताना दोघींना खरं सांगितलं. करवत तुझ्या हातात होती. तू चौदाची, मी नऊचा, आणि माझं काम फक्त लाकूड घट्ट धरायचं. तिसऱ्या पायाला मी शिंकलो, लाकूड हललं, करवत सरकली. तू आईला म्हणालीस, ‘माझा हात घसरला,’ आणि धपाटा तू खाल्लास. सौ.ने आमटीची पळी खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही नुसते शिंकलात?” लेक अजून हसतेय.

ता. क. २ : चूक कुठे होतेय ते सापडलं आहे. मी लाकूड शिकंज्यात अडकवतो. शिकंजा शिंकत नाही. तेव्हा तू ये. लाकूड वाळवून तयार आहे, करवतीला धार लावली आहे. तू काप, मी धरतो. मोतीबिंदूची सबब सांगू नकोस, त्या पायाला नजर लागत नाही. तिवई भिंतीपासून पुढे ओढली आहे. डावीकडे एक माणूस नीट बसेल इतकी जागा आहे. या वेळी मोजली नाही.

ता. क. ३ : राहिलं होतं ते. बाईंनी वस्तूशेजारी लावायची पुठ्ठ्याची पट्टी पुढे केली आणि माझ्या हातात पेन दिलं. करणाऱ्याचं नाव लिहा, म्हणाल्या, आणि रक्कम लगेच घ्या. पट्टीवर एकच नाव मावत होतं. मी पेनाचं टोपण लावून परत दिलं. अठरा हजार.