कॉफीच्या पिंपामागची जागा

पिट्सबर्ग, शुक्रवार

सौ. रोझानताईस, धाकट्या मार्लेनचा नमस्कार आणि दोन्ही गालांना एकेक पापा.

तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हात बरा होईल म्हणून तू गेलीस, पण मला विचारशील तर गुडघ्याला ऊन नाही, जिने लागतात, आणि जिने सगळे आपल्या गावात आहेत. भावजींना मासेमारीचा नाद लागलाय, ही बातमी अजून माशांपर्यंत पोचली नाही असं ऐकते. इकडे सर्व क्षेम. कुणी मेलेलं नाही. (मेलं असतं तर निदान लोकांना बोलायला दुसरा विषय मिळाला असता.)

तर आमच्या टेसाचं लग्न. आपल्याकडे नवरीचा पोशाख लोक एकदा बघतात आणि नात्यातल्या बायकांनी घरून भाजून आणलेल्या कुकीजच्या टेबलाचा विषय जन्मभर काढतात, हे तुला काय सांगायचं! तू होतीस तोवर आपल्या घरची ताटं पुढच्या रांगेत, केकच्या शेजारी. आता लग्न आहे फायर हॉलमध्ये, म्हणजे आपल्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, आणि तिथली मांडणी गेली नवऱ्यामुलाच्या आत्याकडे, कॉनचेटाकडे. तिनं गोड आवाजात कळवलं, ‘‘लग्नाआधी बायकांचा ब्रायडल शॉवर आहे ना, त्याला काय आणतेस ते बघू, मग लग्नातली जागा ठरवू. नाहीतर कॉफीच्या पिंपामागे ऐसपैस जागा आहे हो!’’ नवरीच्या आईचं ताट पिंपामागे! त्यापेक्षा मी चर्च बदलीन.

म्हणून ठरवलं, अक्रोडाच्या कुकीज सगळ्याच करतात, आपण साखरेच्या करून वर रॉयल आयसिंग काढू. (यात राजेशाही कसली? अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर. पण मिजास अशी, की भांड्याला लोण्याचं बोट लागलं तरी रुसून बसतं, फुलतच नाही.) पहिली खेप इतकी घट्ट झाली की पिळता पिळता पिशवी फुटली आणि सगळं वॉल्टच्या चष्म्यावर. नवरोबा म्हणाले, ‘‘मला काही दिसत नाहीये, पण छान झालंय.’’ (तीस-पस्तीस वर्षं संसार असाच चाललाय.) दुसरी खेप पातळ, कडेची रेघ ओलांडून ओघळली आणि लग्नाच्या घंटांची वांगी झाली. तिसरी मात्र जमली. ताई, खरंच जमली गं, बघून मलाच रडू आलं. अडलं फक्त रंगापाशी. टेसाला हवा गडद निळा, आणि आयसिंग आकाशीच्या पुढे हलेना. मी आपली रंग घालत गेले. सुकताना तो आपोआप गडद होतो हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं, आणि ते पान आयसिंगनं चिकटलं होतं.

शॉवरला ताट ठेवलं तशी वाहवा सुरू झाली. कॉनचेटा लांबूनच म्हणाली, ‘‘अगंबाई, किती सुबक! अगदी दुकानातल्यासारख्या.’’ (आपल्याकडे याहून मोठी शिवी नाही.) ‘‘मी बाई असलं रंगीत तोंडात घालत नाही.’’ मी अपमान गिळला. मग फोटोसाठी सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या आणि हसल्या. ताई, शाई प्यायल्यासारखे दात! नवरी निळी, तिची सासू निळी, आणि मधोमध सगळ्यांहून निळी कॉनचेटा, जिभेसकट. टेसानं सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘आत्याबाई, आईचं ताट पुढेच मांडायचं ना?’’ नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. तिनं नुसती होकाराची मान डोलावली.

अशी पुढची जागा मिळाली. मी स्वतः एकही चाखली नव्हती, त्यामुळे माझं मन अगदी शांत आहे. तुला काही मागायला लिहीत नाही, सहज खुशाली कळवली.

तुझी,
मार्लेन

ता. क. फोटो सोबत पाठवते. डावीकडून तिसरी, ओठ घट्ट मिटलेली, ती मी. कारण विचारू नकोस.

ता. क. दुसरा. टेसानं माझ्या निळ्या कुकीजवर बंदी घातली आहे. म्हणते, ‘‘मला रोझानमावशीच्या अक्रोडाच्याच हव्यात.’’ खरं सांगू? मलाही. तू गेल्यापासून ते टेबल मला परकं वाटतं. तेव्हा गुडघा घेऊन ये, लाटायला खुर्ची देईन. लग्नात पिंपामागे बस, कुणाला दिसायचं नाही, तिथे ऐसपैस जागा आहे. ताटावर नाव मात्र माझं राहील. अक्रोडाच्याही मीच करणार, असं कॉनचेटाला मी सांगून बसले आहे.