कौंडण्यपूरच्या यात्रेतला फोटो

लिहून ठेवतो मी, सूर्यभान नथ्थूजी अरबट, वय ७६, शिक्षण सातवी नापास, धंदा शेती, राहणार तेल्हारा, जिल्हा अकोला. मला साखर आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणी फाडील या भीतीने तीन प्रती केल्या आहेत.

१. राहते घर पत्नी गोदाबाई हिचे, ती जिवंत असेपर्यंत. तिला कोणी मागच्या खोलीत हलवू नये. तिच्यानंतर मुलगा कुलदीप व मुलगी पौर्णिमा यांना निम्मे निम्मे. पौर्णिमाची हक्क सोडल्याची सही घ्यायला कोणी पळू नये.

२. पऱ्हाटी उपटायची मी बनवलेली पहिली मशीन. ट्रॅक्टरमागे जोडली की कपाशीचे वाळलेले झाड मुळासकट ओढते. कारखाना टाकायला भगवंत मास्तरांनी निवृत्तीचा सगळा पैसा घातला. ते एवढेच म्हणाले होते, "सूर्यभान, पेटंटचा अर्ज होईस्तोवर मशीन झाकून ठेव. अन् तोंड बी."

मी म्हणालो, "मास्तर, पोरगी पाह्यल्याबिगर कोनी सोयरीक करते काय?"

पौर्णिमा कौंडण्यपूरला दिली आहे. २०१४ साली तिथल्या कार्तिकाच्या यात्रेत मी मशीन चालवून दाखवली. गळ्यात हार पडला, पेपरात फोटो आला. आठ महिन्यांनी अर्ज केला आणि ते कात्रण मीच वरून जोडले. वाटले, साहेबांवर वजन पडेल. तीन वर्षांनी उत्तर आले की अर्जाआधी हे यंत्र लोकांनी पाहिले आहे, ते नवे राहिले नाही. पुरावा म्हणून तोच फोटो. सरकारने ठरवलेल्या प्रदर्शनात दाखवले असते तर वर्षाची सवलत होती, यात्रेला नाही. तोवर दोघांनी तसल्याच मशीनी बाजारात आणल्या आणि आमचा शेड गंजला.

गोदाबाई म्हणाली, "फोटोले हार घालाची लय घाई झालती तुमाले." मास्तरांनी शेडला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ही मशीन भंगारात द्यावी.

३. माझ्या कमाईची दोन एकर जमीन भगवंत मास्तरांना द्यावी. ही मेहरबानी नाही. पैसा घालणाऱ्याला धोका माहीत असतो, असे कुलदीप म्हणतो. मशीन न चालण्याचा धोका त्यांना माहीत होता. माझ्या हौसेचा नव्हता.

४. दुसरी मशीन. ही ओल्या जमिनीतही चालते. सात वर्षे ताडपत्रीखाली ठेवली, गोदाबाईलासुद्धा दाखवली नाही. पेटंट घ्यावे तर फी, वकील, वर्षामागून वर्षे. मिळाले तरी नक्कल करणाऱ्यामागे कोर्टात आपणच पळायचे. कुंपण सरकार देते, राखण आपल्याला करावी लागते. न घ्यावे तर दुसरा घेईल. या घोराने माझे जेवण तुटले.

दिवाळीत कुलदीपने अमरावतीचा एक भांडवलवाला घरी आणला. अर्ज कुलदीपच्या नावाने करायचा ठरवूनच आले होते.

मी विचारले, "अन् मी?"

"बाबा, तुमच्या नावानं एक डाव नापास झालं ना. कावून हट्ट करून राह्यले?"

"मास्तर?"

"त्यायचं बुडालं ते बुडालं."

मी मास्तरांकडे गेलो. या मशीनवर माझ्याइतकाच त्यांचा हक्क, म्हणून तिचे काय करावे ते विचारले. ते म्हणाले, "काढ ताडपत्री. आता उघड तोंड."

गेल्या आठवड्यात मशीन ट्रॉलीवर घालून कौंडण्यपूरच्या यात्रेत नेली, चालवली, आणि कोणता भाग कशासाठी ते भोंग्यावरून सांगितले. मास्तर शेजारी उभे होते. पेपरात फोटो आला आहे, नकाशासकट. आता ही कोणीही बनवावी. पेटंट मात्र कोणाचेच होणार नाही.

५. या वर्षीच्या कात्रणाची नक्कल इथे जोडली आहे. मागच्या वेळी अडाणीपणाने जोडले, या वेळी समजून. मूळ कात्रण कुलदीपला द्यावे. त्याला हवे तर त्याने ते अर्जाला जोडावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

सूर्यभान नथ्थूजी अरबट

साक्षीदार, ज्यांच्या समोर सही केली आणि ज्यांना यातले काही मिळणार नाही:
१. धम्मदीप वानखडे, वेल्डर
२. प्रणाली खुशालराव ढोले, शिक्षिका

तेल्हारा, १२ नोव्हेंबर २०२५