बर्फाच्या कारखान्यामागचे घर

बुधवारी जागेची मोजणी झाली आणि काल, शुक्रवारी, भूमापकांनी सहीशिक्क्यानिशी लेखी दिले की आमच्या घराची मागची खोली पूर्णपणे माझ्याच जागेत आहे. तो कागद या मृत्युपत्राला जोडला आहे. याआधी मी दोनदा मृत्युपत्र लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा मागच्या खोलीपाशी अडलो. आता अडण्याचे कारण उरलेले नाही.

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गावात ‘मशीनवाले’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला तारीख विचारली. ती मी सांगितली, शिवाय त्यांच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर अजून मागचाच महिना आहे हेही सांगितले. त्यावर त्यांनी दाखला दिला.

१. घराबद्दल. हे घर मी स्वकष्टार्जित पैशातून तेवीस वर्षांपूर्वी घेतले. ते कसे निवडले हे लिहून ठेवतो, कारण माझा मुलगा ते विकून समुद्रासमोर फ्लॅट घेण्याच्या गोष्टी अधूनमधून करतो.

कापड गिरणीतली नोकरी संपल्यावर माझ्या पत्नीला समुद्राकाठी राहायचे होते आणि मला मशीनचे काम चालू ठेवायचे होते. खारी हवा आणि मशीन यांचे अजिबात पटत नाही. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, इथे घरांची दलाली करतो. त्याने आम्हाला पाच घरे दाखवली. त्यातली चार पाण्यासमोर.

“भाऊजी, दार उघडलं की समुद्र,” तो प्रत्येक घरात म्हणायचा.

“दार उघडलं की गंज,” मी म्हणायचो.

शेवटी मी एकाच पत्र्यातून पाच पट्ट्या कापल्या, घासून चकचकीत केल्या, त्यांवर आकडे कोरले आणि मालकांच्या परवानगीने प्रत्येक घरात एक दोऱ्याने टांगली. मुदत तीन आठवडे. दुसऱ्या घरातल्या आजीबाईंना हा जादूटोणा वाटला आणि त्यांनी पट्टी विहिरीत टाकली. चौथ्या घरच्या बाईंनी ती रोज पुसली. “पाहुणे बघायला येणार, मग कळकट कशी ठेवायची?” असे त्यांनी मलाच विचारले. पहिल्या घरातली पट्टी तांबडी झाली. तिसऱ्या घरातली मात्र आरशासारखी. ते घर मेहुण्याला सगळ्यांत जास्त विकायचे होते.

मी पट्टी नाकाशी नेली.

“हवाच तशी आहे तिथली,” मेहुणा म्हणाला.

“हवेला केसांच्या तेलाचा वास कधीपासून यायला लागला?”

तो डोक्यावरून हात फिरवत पत्नीकडे बघू लागला. ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

पाचवे घर हे. समुद्राच्या अंगाला, घराच्या मागे, बर्फाच्या कारखान्याची उंच भिंत, समुद्र कुठूनही दिसत नाही. पण ती भिंत वारा अडवते, आणि पट्टीवर तीन आठवड्यांत फक्त दोन ठिपके आले होते. समुद्र चालत आठ मिनिटांवर, सपाट रस्ता, वाटेत बाजार. मी पत्नीला विचारले, समुद्र दिसत नाही, चालेल का. ती म्हणाली, “मला त्याला भेटायला जायचंय. त्यानं इथं राहायला यायची काही गरज नाही.” त्यानंतर सतरा वर्षे ती रोज भेटायला गेली आणि येताना भाजी घेऊन आली.

२. मागच्या खोलीबद्दल. माझी धाकटी बहीण पहिल्यांदा हे घर बघायला आली तेव्हा म्हणाली, “दादा, समुद्राकाठी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलास की रे.” अकरा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले आणि ती याच भिंतीला लागून असलेल्या मागच्या खोलीत राहायला आली. तिथे बसून ती गावाचे कपडे उसवते, आवळते, सैल करते. माझ्या पत्नीचे शेवटचे आठ महिने बहिणीने केले. मी फक्त औषधांच्या वेळा लिहीत होतो.

ती आली त्याच वर्षी कारखान्याच्या तेव्हाच्या व्यवस्थापकांची नोटीस आली, की ही खोली कारखान्याच्या जागेत आहे आणि पुढेमागे पाडावी लागेल. पुढे ना त्यांनी पाडली, ना नोटीस मागे घेतली. मुलगा म्हणायचा, “बाबा, आत्याला मी कधी बाहेर काढणार नाही. पण खोलीच आपली नसली तर तिला लिहून काय देणार?” त्याचे चूक नव्हते. बहीण एकदाच बोलली. पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता. “दादा, तुझ्यामागे मला कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आणू नकोस.” मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला ठाऊक नव्हते.

यंदा कारखान्याला नवे मालक आले आणि त्यांनी मोजणी मागवली. बुधवारी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भूमापकांनी फीत गुंडाळली.

“किती जाते?” तिने विचारले.

“काय किती जाते?”

“खोली.”

“खोली कुठे जातेय, बाई? भिंतच तुमच्यात आलीय हातभर.”

तिने त्यांना चहा दिला. त्यात साखर दोनदा पडली होती. भूमापक शहाणे, सगळा प्यायले.

सबब, मागची खोली, तिचे गल्लीत उघडणारे दार आणि मोरी मी माझ्या बहिणीला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. नुसता राहण्याचा हक्क नव्हे, मालकी. तिने खोली विकावी, कुणाला द्यावी, कुलूप लावून फिरायला जावे. घराचा उरलेला भाग मुलाला. स्वयंपाकघर ती हयात असेपर्यंत दोघांचे, आणि डबे कुठे ठेवायचे हे ती ठरवील.

३. कारखान्याच्या भिंतीखाली आमची जी हातभर जागा निघाली, ती माझ्या वारसांनी कधीही मागू नये. तेवीस वर्षे त्या भिंतीने माझी मशीन राखली. नव्या मालकांनी भिंत उतरवायची ठरवली तर मुलाने त्यांच्याकडे जाऊन गोडीने बोलावे. आवाज चढवू नये. तो त्याला चढवता येतही नाही.

४. हत्यारे. मुलाला स्क्रू उलटा फिरवायची जन्मजात सवय आहे, म्हणून ती त्याला नाहीत. ती बाजारातल्या दुसऱ्या कारागिराला द्यावीत. तीन वर्षांपूर्वी त्याने एका गिऱ्हाईक बाईंना ‘मशीनवाले गेले’ असे सांगितले होते. बाई सांत्वनाला आल्या, दार मीच उघडले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. पण सुई आणि हूक यांच्यातले अंतर त्याच्याइतके नेमके धरणारा गावात दुसरा नाही. हत्यारे देताना त्याला सांगावे, की आता त्याने खुशाल सांगत फिरावे.

५. बँकेतली ठेव मुलगा आणि बहीण यांना निम्मी निम्मी. मुलाशी बोलणे झाले आहे. “आधी आत्याचं नाव लिहा,” तो म्हणाला. वाचताना तसे धरावे.

६. मेहुण्याला पट्टी क्रमांक तीन. तेलामुळे ती आजही चकचकीत आहे. ती बघून त्याला शरम वाटावी असा माझा पूर्वी हेतू होता. परंतु मोजणीला लागणारा मूळ विक्रीचा नकाशा कचेरीत सापडेना, तेव्हा त्याने तीन दिवस आपल्या ट्रंका उपसल्या आणि तो आणून दिला. “भाऊजी, याला तेल लावलेलं नाही,” एवढेच बोलला. म्हणून आता पट्टी प्रेमाने देत आहे. त्याला साक्षीदारही व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकीलबाईंनी सांगितले.

७. मुलाला समुद्रासमोर घर घ्यायचेच असेल तर माझी ना नाही. त्याने आधी आपला रोजचा दिवस कसा जातो ते एका कागदावर लिहावे, त्या दिवसाला कसले घर लागते ते बघावे, तीन आठवडे पट्टी टांगावी, आणि पट्टीच्या जवळपास मामाला फिरकू देऊ नये.

८. या मृत्युपत्राची नोंदणी सोमवारी सकाळी साडेअकराला आहे. मंगळवारी मागच्या खोलीला गल्लीच्या बाजूने खिडकी पाडायची आहे. खोली दुसऱ्याची निघाली तर तिच्या भिंतीला आपण पाडलेले भोक नको, म्हणून बहीण अकरा वर्षे भरदिवसा दिवा लावून शिवत आली. काल संध्याकाळी तिने शिवणाचा खडू घेतला आणि खिडकी कुठे हवी ते भिंतीवर आखले. मग लांब जाऊन बघितले आणि पुसून आणखी मोठी आखली.

ठिकाण: राहते घर
दिनांक: शनिवार, १४ डिसेंबर

(सही) मशीनवाले

साक्षीदार:

१. (सही) डॉक्टरीणबाई. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. कॅलेंडर बदलले आहे.

२. (सही) गवंडी. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. चौकट तयार आहे, मंगळवारी आठ वाजता येतो.